टिचकीच्या लायसन्समधली दोन नावं

रविवार, ७ जून

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील. इकडे आम्ही सगळे मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आईपेक्षा कमीच. तिचं शिवणयंत्र अजून खिडकीपाशी आहे आणि माझ्या अर्ध्या टेबलावर अजूनही तिची कापडं असतात. काल कीबोर्डखाली टाचणी सापडली. ती मी कशी शोधली ते विचारू नकोस, बोट अजून दुखतंय.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरचा पत्ता मला कुणी दिला नाही आणि फोन तू उचलत नाहीस. गंमत बघ, जगातल्या कुणालाही क्षणात पान पोचवणारा टिचकी हा वेब सर्व्हर आपण दोघींनी लिहिला, आणि तुझ्यापर्यंत पोचायला मी टपालपेटी शोधत फिरतेय! एका दुकानदाराने मला थेट कुरिअरवाल्याकडे पिटाळलं. दुसरा म्हणाला, "पेटी होती खरी, पण कुठे ते आठवत नाही."

कामाचं सांगते. ग्रंथालयातल्या बाई आठवतात ना? तिथल्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर आपण टिचकी बसवून दिली होती, पुस्तकांची यादी दाखवायला. ती अजून चालतेय. कॉम्प्युटरचा पंखा दोनदा बदलला, टिचकीला कुणी हात लावला नाही. आता बाईंना ती सगळ्या शाखांमध्ये हवी आहे, कारण सगळीकडे असलीच जुनी यंत्रं आहेत आणि मोठे सर्व्हर त्यांच्यावर धापा टाकतात. वरच्या साहेबांनी एकच अट घातली: सॉफ्टवेअर ओपन सोर्स पाहिजे, लायसन्ससकट. म्हणजे उद्या आम्ही कंटाळलो तरी दुसरं कुणीतरी ते उघडून दुरुस्त करू शकेल.

"तुम्ही कंटाळाल असं म्हणत नाही हो मी," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही एका जागी बसलेल्या मला कधी दिसला नाहीत."

तर घोडं अडलंय ते लायसन्सपाशी. कोड दोघींचा, म्हणून तो जगाला मोकळा करायचा तर होकारही दोघींचा लागतो. तुझा एका ओळीत आला तरी पुरे. नुसतं 'मान्य' लिही आणि पाठव. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत आलं तर फार बरं, नाहीतर साहेब दुसरं काहीतरी विकत घेतील.

आईला मी समजावून सांगितलं की टिचकी म्हणजे खिडकीवर बसलेला कारकून. कुणी पान मागितलं की हे घे म्हणून देतो, नसेल तर नाही म्हणून सांगतो. आई म्हणाली, "मग त्याला जेवायला कधी सोडता?" आणि मग सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता, "हे तिने लिहिलं होतं ना बरंचसं?" मी हो म्हटलं. त्यावर तिने यंत्र इतक्या जोरात चालवलं की पुढचं बोलणंच झालं नाही.

दादा ठीक आहे. कामावर जातो, येतो.

स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तो बघायला उठते. मघापासून चारदा उठून झालं. उत्तराची वाट बघते.

तुझी,
भिंगरी


मंगळवार, २३ जून

वहिनी,

उत्तर नाही. आधी वाटलं शाळेला सुट्टी असेल. मग शाळेत फोन केला, तर शिपाई म्हणाला, "मॅडमच्या हातात दिलंय मी पत्र, स्वतः." म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस.

बरोबरच केलंस. ते पत्र लबाड होतं. खोटं एकही वाक्य नव्हतं, पण जे सांगायचं ते मी नळाखाली दडवलं. आता सांगते. मध्ये उठणार नाही, खुर्चीवर मांडी घालून बसलेय.

ग्रंथालयाचं काम तसं आधीच आलं होतं, तुला पत्र लिहायच्या कितीतरी आधी. मी आनंदाने घरी सांगितलं. दादा म्हणाला, "तिच्याकडे काही मागायचं नाही. तिचं जे असेल ते काढून टाक आणि तुझं तू लिही. या घरातल्या कशावर आता तिचं नाव नको." तुमच्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. तो ओरडला असता तर मी भांडले असते. तो हळू बोलला, म्हणून मी हो म्हटलं.

पण सगळं दादावर ढकलत नाही. मलाही ते हवं होतं. तू त्याला सोडलंस ते मला कळलं, वहिनी. एकाच घरात राहून तुम्ही दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहायला लागलात तेव्हाच कळलं होतं. पण मला का सोडलंस? माझं तुझं काय भांडण होतं? तू गेलीस त्या दुपारी आपल्याला टिचकीची चाचणी घ्यायची होती. मी लॅपटॉप चालू करून, तुझी खुर्ची ओढून ठेवून बसले होते. तू बॅग घेऊन माझ्या खोलीवरून गेलीस आणि आत बघितलंसुद्धा नाहीस. मला इतका राग आला होता की दादाने तुझं नाव काढ म्हटल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते हे की बरं झालं, काढतेच.

म्हणून मी तुझा भाग नव्याने लिहायला घेतला. नियमाने. तुझी फाइल बंद, एकदाही उघडायची नाही. मागणी आली की ती वाचायची, पत्ता तोडून फाइल शोधायची, पान परत द्यायचं, सगळं माझ्या डोक्याने. ऑफिसातून आले की बसायचं. आई म्हणायची, "अगं, पाठ तरी टेक." टेकता येत नव्हती. भात गार व्हायचा. रस्त्याने चालताना मी पुटपुटत असायची, समोरचा भाजीवाला मला आता ओळख दाखवत नाही. शेवटी झालं. चाललं. मी उड्या मारल्या आणि खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं.

मग हौस म्हणून तुझी जुनी फाइल उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

वहिनी, तेच होतं. शब्द न् शब्द नव्हे, पण तेच. मागणी घेणाऱ्या भागाचं नाव तू 'दारवान' ठेवलं होतंस. माझ्याही दारवानच! तात्पुरत्या जागेला तू 'डबा' म्हणायचीस. माझ्याकडेही डबा, आणि काम झालं की तो घासून ठेवायचा, तुझ्यासारखाच. आधी नकार तपासायचा आणि मग होकार, हे वळण तुझंच. कुठून आलं? तूच शिकवलंस की मला. मी तुझ्या घरात, म्हणजे आमच्या घरात, तुझ्या शेजारी बसून कोड लिहायला शिकले. मला दुसऱ्या कुणासारखं लिहिता येत नाही. तुझं नाव पुसायला निघाले आणि पानभर तुझंच अक्षर काढून बसले.

यावर एकटीचं नाव घालून सोडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मला कळलं असतं. मग मी तुला पहिलं पत्र लिहिलं, ते लबाड.

नव्या कोडची छापील प्रत सोबत जोडलीय. फाड, जाळ, काहीही कर. होकार नसला तर नकार कळव. नकार कळवायला तरी काहीतरी लिहावं लागेल, एवढाच माझा स्वार्थ आहे. तू नाही म्हणालीस तर मी बाईंना जाऊन सांगेन की टिचकी मिळणार नाही. एका नावावर ती जाणार नाही.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

भिंगरी


शनिवार, ११ जुलै

प्रिय,

वहिनी लिहिलं, खोडलं, मग कागद बदलला. ते शेवटी बघू.

तुझा लिफाफा पोचला. जाडजूड बघून वाटलं, फाडून परत पाठवलंय की काय! तर आत माझीच पानं, आणि त्यांवर लाल पेन. तू शाळेतल्या पोरांच्याही वह्या अशाच तपासतेस का गं? बिचारी पोरं.

पहिल्याच पानावर: "फाइलच्या नावात मोकळी जागा आली की कोसळते. माझी पहिली चूक होती ही. आपण दोघींनी दुरुस्त केली होती. विसरलीस." मी धावत जाऊन करून बघितलं. खरंच कोसळली. तुझं वळण तर उचललंच, वर तुझी चूकसुद्धा जशीच्या तशी! मी इतकी हसले की आई बघायला आली, आणि मी हसत नाहीये हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं. ती शेजारी बसून राहिली. नंतर लाल अक्षरावरून बोट फिरवत म्हणाली, "बारीक झालंय गं तिचं अक्षर."

चौथ्या पानावर तू लिहिलंस, "हे माझ्यापेक्षा चांगलं जमलंय, हे ठेव." ते पान मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही, डोक्यावर बसशील.

आणि शेवटी, पेन्सिलीने: "मान्य. पण माझं नाव बदल. माहेरचं लिही." त्याखाली, आणखी फिकट: "तुझा फोन घेतला की मागे त्या घराचा आवाज येईल. तो मला अजून ऐकवत नाही. तुझ्या खोलीत बघितलं असतं तर मी बसले असते."

इथे पेन खाली ठेवलं. पाणी पिऊन आले.

दादाला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. टिचकी दोन्ही नावांनी जाणार, आज जाणार. त्याने कप खाली ठेवला. मी भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती, मुद्दे पाठ होते. तो म्हणाला, "तुझं काम आहे. तू बघ." आणि खाली गाडी पुसायला गेला. मी खिडकीतून बघत होते. बऱ्याच वेळाने त्याने वर न बघताच विचारलं, "उत्तर आलं तिचं?"

"आलं."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही."

त्याने पुसलेलीच काच पुन्हा पुसली. मला त्याचाही राग यायला हवा होता. आला नाही. तुला हे सांगू नये कदाचित, पण लबाड पत्र आता पुन्हा लिहायचं नाही म्हणून सांगतेय.

मग मी बसले. तुझा जुना भाग, माझं चौथं पान, मोकळ्या जागेची दुरुस्ती, सगळं एकत्र जोडलं. चाचण्या पुन्हा चालवल्या. लायसन्सची फाइल उघडली: कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, पुढे द्यावी, फक्त लिहिणाऱ्यांची नावं ठेवावीत. तुझं जुनं नाव खोडून नवं लिहिलं. नवं कसलं, तुझं पहिलं. आधी आपल्या दोघींची आडनावं एकच होती, वाचणाऱ्याला वाटलं असतं एका घरच्या बहिणी किंवा जावा. आता एकमेकींखाली दोन वेगळी नावं आहेत. कुणाची कोण ते कुणाला कळणार नाही. आपण आपल्या कामामुळे तिथे आहोत, कुणाच्या लग्नामुळे नाही. हे मला तू नाव बदलायला सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

टिचकी मोकळी करायचं बटण दाबायचं सोडून मी मात्र खोलीभर फिरत राहिले. एकदा बाहेर गेली की परत बोलावता येत नाही. आई मागून म्हणाली, "दाब की गं एकदाचं, माझी शिलाई उसवतेय तुझ्या येरझाऱ्यांनी." दाबलं.

पहिल्या तासात काही नाही. मग बाईंनी उतरवून घेतली. मग कुठल्यातरी दूरच्या, मला नकाशातही न सापडलेल्या ठिकाणच्या माणसाची तक्रार आली: त्याच्या यंत्रावर टिचकी वेळ चुकीची सांगते. अगं, तक्रार! अनोळखी माणसाने आपला कोड उघडून वाचला आणि त्याला आपला राग आला! पत्राच्या सुरुवातीला त्याने लिहिलंय, "दोघींना नमस्कार."

ती चूक तुझ्या भागात आहे. मी दुरुस्त करू शकते, पण तुझ्याशिवाय करणार नाही. सोमवारपासून रोज तुझ्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसणार आहे. बाईंना सांगून ठेवलंय. तिथून फोन करीन. मागे घर नसेल, यंत्र नसेल, दादा नसेल, फार तर कबुतरं असतील. उचलावासा वाटला तर उचल. नाही वाटला तर मी डबा खाऊन परत कामावर जाईन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसेन. एका जागी बसायला मी शिकतेय.

काय म्हणायचं तुला, ते अजून ठरलं नाही. तोपर्यंत,

लायसन्समध्ये तुझ्या खालच्या ओळीत असलेली,
भिंगरी