मुगाच्या वजनावर तोललेला कॅमेरा

ती. वन्संस,

भावजयीचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत, माझं उजवं मनगट सोडून (त्याचं कारण पुढे येईलच). आपला गुडघा कसा आहे? तेल नुसतं उशाशी ठेवून गुण येत नाही, ते चोळावं लागतं, हे लहान तोंडी मोठा घास घेऊन लिहिते. आपलं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं. गुडघ्यापर्यंत हसत वाचलं आणि पुढचा कागद माझ्या हातात दिला. पुढे आपण लिहिलं होतं की आपल्या यजमानांना दुकानात गल्ल्यावर बसायला घरचा माणूस हवा आहे, तेव्हा 'ते कॅमेऱ्याचं खूळ आता पुरे'. आपण वडीलधाऱ्या, आपला शब्द खाली पडू देऊ नये हे मला कळतं. तरी उत्तराला उशीर का झाला ते सगळं सांगते, म्हणजे राग यायचा तो एकदमच येईल.

ह्यांचा जुना कॅमेरा आपण पाहिलाच आहे. बोजड होता, पण खांद्यावर ठेवला की मांजरासारखा अंग टाकून बसायचा. तो बिघडला आणि हा नवा आला, वीतभर लांब. जो तो म्हणे, किती हलका! अहो, तीच तर पंचाईत. खांद्यावर टेकायला त्याला बूडच नाही. छातीपुढे दोन्ही हातांत धरायचा आणि चालायचं. काठोकाठ भरलेलं पातेलं हात लांब करून धरा आणि घरभर फिरून बघा (आपण नको, गुडघा आहे), म्हणजे कळेल. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, गुडघे सैल सोडायचे, श्वास सोडता सोडता पाऊल टाकायचं, हे सगळं ह्यांना पाठ आहे. पण वय मनगटात उतरलं की पाठांतराचा काय उपयोग? मध्ये एका शाळेच्या समारंभाचं चित्रण केलं, त्यात प्रमुख पाहुण्या भूकंपात भाषण करत होत्या. ह्यांनी ते एकदा पाहिलं, कॅमेरा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "ताईला कळव, येतो म्हणून." आणि ताटावरून उठले. आपले बंधू रागावून उठले तर मी लक्ष देत नाही, पण हे रागावलेच नव्हते.

मी लिहायला बसणार तोच काचकारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. कुणीतरी उठवलं होतं की बाई माल बाहेरून आणतात आणि आपली चिठ्ठी चिकटवतात. म्हणून त्यांना भट्टीपासून विक्रीच्या फळीपर्यंत एकसलग चित्रण हवं होतं, मध्ये कुठे तोडायचं नाही, वरून आवाज चढवायचा नाही. मांडण्यांमधली वाट एवढी अरुंद की तिपाई ठेवायला जागा नाही, हातानेच करायचं. ह्यांनी देवासमोर दिवा लावताना मला सांगितलं, "हे शेवटचं. साधलं तर कॅमेरा राहील. हललं, तर विकून टाकायचा आणि ताईकडे गल्ल्यावर." मी हात जोडले, पण देवाकडे नेमकं काय मागावं ते सुचेना, कारण आपलाही मान राखायचा होता.

खांद्यावर बसवायचा आधार तयार मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मीच दुकानातल्या स्टुलावर बसले. मग कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून एक करून घेतला. खांद्यावर वाकडी पट्टी, तिला जुन्या उशीची गादी मी शिवली. पुढे दोन नळ्या, त्यांना मुठी, त्यावर कॅमेरा. आता सगळा भार पुढे, म्हणजे मागे तेवढंच वजन हवं, नाहीतर पुन्हा मनगटावरच येतं. (तरफ मॅट्रिकला होती. तिचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला.) मागे दांडा काढला आणि त्याला वजनाची पिशवी अडकवायचं ठरलं. हे म्हणाले, वाळू भर. वाळू काय, काम झालं की फेकूनच द्यायची. मी ह्यांच्या जुन्या पँटचा एक पाय कापून पिशवी शिवली आणि तिच्यात मूग भरले. काम झालं की डब्यात परत! घरात चालून पाहिलं. कॅमेरा असा स्थिर, जणू भिंतीला ठोकलाय. हे कितीतरी दिवसांनी शीळ घालत होते.

मला कारखान्यात जायचं कारणच नव्हतं. पण दांडा मागे हातभर बाहेर आलेला, ह्यांना पाठीमागचं दिसत नाही आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत काचेचे पेले, सुरया, झुंबरांचे लोलक. "तू नुसती मागून चाल आणि दांडा कुठे लागत नाही ना बघ. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, आवाज घेतोय." बरं म्हटलं. भट्टीपासून निघालो. कारागीर फुंकर मारतायत, लाल गोळा फुगतोय, हे मुंगीच्या पावलांनी पुढे आणि मागे मी. पहिल्या मांडणीशी माझ्या पायाखाली काहीतरी कचकलं. मला वाटलं काच. खाली पाहते तर मूग.

वन्सं, माझ्या हातची शिवण आजवर कधी उसवली नव्हती. पण त्या पँटचं कापडच विरलेलं होतं (ह्यांना नवी घेऊ दिली नाही, तो हट्ट माझाच). पिशवी हलकी होतेय, दांडा हळूहळू वर येतोय आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात कारागिराचं कपाळ दिसेनासं होऊन आता हनुवटी दिसतेय! ओरडावं तर आवाज जातोय, थांबवावं तर सगळं फुकट. मी उजव्या हाताने दांडा धरला आणि खाली दाबला. हनुवटी गेली, चेहरा परत आला. डाव्या हाताने पिशवीचं भोक आवळलं. म्हणजे दोन्ही हात गुंतले, जोडायला एकही उरला नाही, म्हणून तोंडातल्या तोंडात देवाचं नाव सुरू केलं. तेवढ्यात मागून पावलं. मान वळवून बघते, तर एक कामगारीण पेल्यांनी भरलेलं तबक डोक्याएवढं उंच धरून येतेय आणि तिच्या आणि माझ्या मधे फरशीभर मूग. मी डोळे वटारले. तिला वाटलं, लवकर ये म्हणतेय. ती झपाट्याने निघाली. मी इतक्या जोरजोरात मान हलवली की अंबाडा सुटला, तेव्हा कुठे ती एक पाय उचलून तशीच थांबली, बगळ्यासारखी. तिला तिथेच सोडून आम्ही पुढे, हे चालतायत, मी दाबतेय, वळण आलं, दांडा लोलकांना चाटून गेला, ते किणकिणले. पण फुटलं काही नाही. विक्रीची फळी आली. ह्यांनी कॅमेरा बंद केला आणि मागे न बघताच म्हणाले, "झालं."

मालकीणबाईंनी लगेच कचेरीत मोठ्या पडद्यावर लावायला सांगितलं. हे उभे, मी उभी. माझं मनगट पाठीमागे लपवलेलं. बाईंच्या चेहऱ्यावर सुरकुती हलेना. मधेच त्यांनी थांबवलं. "हा पुटपुटल्यासारखा आवाज कसला?" मी डोळे मिटले. हे शांतपणे म्हणाले, "भट्टीचा. तापली की बोलते." बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, मी कधी ऐकला नव्हता. असू दे, छान वाटतोय." आणि आपल्या दुसऱ्या कारखान्याचंही काम ह्यांनाच दिलं. घरी येताना हे म्हणाले, "बघितलंस? हात अजून शाबूत आहेत." मी म्हटलं, आहेत हो. दुसरं काय म्हणणार?

तेव्हा गल्ल्यासाठी आपल्या यजमानांनी दुसरा माणूस पाहावा. राग मानू नये. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली नम्र,
भावजय

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. दुसऱ्या कारखान्याचं काम जवळ आलं आहे आणि माझं मनगट सुजून टोपल्याएवढं झालं आहे. आता लोखंडी वजन आणलं आहे, पण आधाराची पट्टी एका अंगाला कलते, तेव्हा मागून कुणीतरी धरायलाच हवं, आणि तेही ह्यांना न कळता. आपला हात देवाने चांगला भारदस्त दिला आहे. आठ दिवस येता का? ह्यांना सांगू, भावाचं काम बघायला आलात. तिथे पायऱ्या नाहीत, गुडघ्याला त्रास नाही.

आ. ता. क. पत्र टेबलावर उघडं ठेवून मी दूध बघायला गेले, तेवढ्यात ह्यांनी वाचलं. रागावतील म्हणून मी दाराशीच थांबले. तर म्हणाले, "वळणावर फार दाबलंस, माझा खांदा अजून दुखतोय. पुढच्या वेळी जरा हलक्या हाताने." मनगटाला लेप स्वतः लावून दिला आणि काम चार दिवस पुढे ढकललं. मी विचारलं, मग वन्संना बोलवायचं ना? म्हणाले, "राहायला खुशाल येऊ दे. पण दांड्याला तूच हवीस. ताईला गप्प राहता येईल का?"