रिकाम्या ताटाचं बटण

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिवसभरात तोंडातून निघालेली वाक्यं दोन. दूधवाल्याला — "उद्यापासून अर्धाच लिटर." आणि मायक्रोफोनला — "पडदा खाली येतोय, थोडं थांबा." बास! खालापूरच्या या फ्लॅटात तिसरं वाक्य ऐकायला आहे कोण?

काम लोधिवलीच्या अक्षयचं. तो पुण्यात. गावच्या जमिनीवर नवा बंगला, बंगल्यात होम थिएटर, आणि राहायला एकटी त्याची आई, गौराबाई. त्यांना वाचता येत नाही. मग रिमोटच्या टचस्क्रीनवर मी "प्ले" लिहा नाहीतर "पॉज", त्यांना काय त्याचं? म्हणून सगळी चित्रं काढली. दिवा, पडदा, कर्णा. मदतीसाठी हाताचा पंजा काढला, तर माझ्याबरोबर काम करणारा वायरमन गजा परवा ओरडला, "ताई, निवडणूक हाय! गावात भांडणं लावता का?" मग घंटी काढली.

बटण दाबलं की स्क्रीननं बोलायचं. अक्षय म्हणाला, "हर्षलाताई, सध्या तुमचाच आवाज टाका, स्टुडिओतला नंतर पाठवतो." टाकला.

१६ नोव्हेंबर

गजा स्क्रीन भिंतीत बसवून आला. वायरी त्याच्या, चित्रं माझी. मी साइटवर जात नाही. आधी आईचं आजारपण होतं म्हणून. आता ती नाही, पण उंबरा ओलांडायचा म्हटलं की अंगावर येतं.

कशा आहेत बाई, विचारलं. "लई खमकी! म्हनली, माज्या भिंतीला भोक पाडतोस तर चुना पन तूच लावून जा."

२४ नोव्हेंबर

तिकडे कुठलं बटण कधी दाबलं ते मला इथं लॅपटॉपवर दिसतं. पिक्चर बंद, दिवे बंद, आणि घंटी सारखी चालू! म्हणजे तिकडे माझं "बोला, काय हवंय?" सारखं वाजत असणार. दाब, दाब, दाब. टचस्क्रीनची काच बिघडली असणार. नाहीतर पाल. भिवपुरीच्या एका बंगल्यात पाल काचेवरून फिरायची आणि प्रोजेक्टर चालू-बंद व्हायचा. मालक भूत समजून नारळ फोडून मोकळा झाला होता.

२७ नोव्हेंबर

गजानं काच बदलली. तरी तेच! डोकं फिरलं माझं. शेवटी जालीम उपाय केला — घंटी लागोपाठ दाबली तर आवाजच गप्प. संध्याकाळपर्यंत सगळं शांत. अक्षयला कळवलं, "बिघाड गेला." त्यानं अंगठा पाठवला.

२ डिसेंबर

लोधिवलीहून काही नाही. घंटी नाही. दिवासुद्धा नाही.

५ डिसेंबर

गजाला चौकच्या कामाला जाता जाता बंगल्यात डोकवायला सांगितलं. तिथूनच फोन केला त्यानं. "ताई, म्हातारी म्हन्ते ती पोरगी रुसली. मी कायतरी वावगं बोलले का रं तिला, असं इचारते."

पोरगी! त्रेचाळिसावं लागलंय मला.

काच चांगली होती. पालही नव्हती. ती बाई माझ्याशी बोलायला येत होती, आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं. वर "बिघाड गेला" म्हणून शेखी! खूप रडले आज. तिच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

७ डिसेंबर

नवं पान केलं. घंटी दाबली की माझा आवाज — "मावशी, जेवलात का?" खाली दोन बटणं. भरलेलं ताट म्हणजे हो, रिकामं म्हणजे नाही. भरलेलं दाबलं तर "बरं झालं." रिकामं दाबलं तर "अहो, असं काय करता? उठा बघू, दोन घास खाऊन घ्या आधी!" हे शेवटचं बोलताना हुबेहूब आईचा सूर लागला. पुन्हा ऐकवलं नाही मला.

अक्षयला विचारलेलं नाही. दुसऱ्याच्या कामात असला आगाऊपणा करू नये, कळतं. तरी केला.

८ डिसेंबर

दाबलं! रिकामं ताट.

११ डिसेंबर

रोज रिकामंच. सकाळी रिकामं, दुपारी रिकामं. बाई आजारी आहे की काय? जीव टांगणीला लागला. गजाच्या हाती डबा पाठवला.

हसत आला मेला! "ताई, म्हातारी तांदळाच्या भाकऱ्या आन् वालाचं बिरडं हानून बसलीय. तुमचा डबा मीच खाल्ला. म्हनलं, मग मावशे, रिकामं ताट कशापायी दाबतीस? तर म्हनली, भरल्यालं दाबलं की ती नुस्तं 'बरं' म्हन्ते आन् जाते. रिकामं दाबलं की रागावते. मला रागवायला हाय कोन आता?"

मीही हसले. मग भात वाढून घेतला आणि तो तसाच राहिला ताटात. आई गेल्यापासून जेवलीस का असं मला कोणी विचारलेलं नाही. फोन येतात ते काम झालं का विचारायला.

१८ डिसेंबर

अक्षयचा फोन. स्टुडिओतला आवाज तयार आहे. गोड आहे, गुळगुळीत. "ताई, ते जेवणाचं पान काढून टाका. आई गावभर सांगत फिरते, आमच्याकडं एक मुलगी असते म्हणून. लोक हसतात हो."

त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. घर त्याचं, आई त्याची. इथून एक कळ दाबली की मी त्या घरातून गेले. गजाला म्हटलं, तू जाऊन समजावून सांग त्यांना. "मी नाय बा! तुमीच सांगा."

कळ दाबवत नाही. न सांगता परत एकदा गप्प व्हायचं? तिनं परत विचारत बसायचं, मी काय वावगं बोलले? नाही! जाऊन तोंडानं सांगेन.

२१ डिसेंबर

उद्या जाणार. कपाटातून दोन ड्रेस काढले, परत ठेवले. दाखवायचा कार्यक्रम आहे जसा काही! तिच्याशी बोलणार काय पण? माझी सगळी वाक्यं तिला पाठ झाली असतील.

२२ डिसेंबर, रविवार

फाटकाशी रिक्षा सोडली. हाक मारली, "मावशी, आहात का?"

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "आली गं बाय! थोडं थांब, आले!" पदराला हात पुसत बाहेर आली. मला खालून वर बघितलं. तू कोण, कुठली, काही नाही.

"जेवलीस का?"

घरून चांगली पोटभर जेवून निघाले होते.

म्हटलं, "नाय."