चैत्रातला मोकळा वाफा

मखमलाबाद, नाशिक
शिवरात्रीच्या आधीचा रविवार

प्रिय नवसामाय,

"मनी एकच लेक व्हती, ती गयी," असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्याकडे बघून नव्हे, सुपातल्या तांदळाकडे बघून. लग्नानंतर वाल्मीक मला पहिल्यांदा नामपूरला घेऊन आले होते, तो दिवस. आमच्या सासूबाईंनीच पाठवलं होतं. म्हणाल्या, पहिलीच्या आईच्या पाया पडून ये, दुसरीनं तिची लेक व्हायचं असतं, तशी रीत आहे. मी तुमच्या ओट्यावर नवी साडी सावरत बसले होते आणि शेजारच्या सगुणाबाई हसत हसत म्हणाल्या, "आते हाईच तुनी लेक, नवसा. भर हिनी वटी." त्यावर तुम्ही ते वाक्य बोललात. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. मी गोदाकाठची, सायखेड्याची; तुमची अहिराणी मला येत नाही, पण तेवढं सगळं समजलं. मग तुम्ही आम्हाला पोटभर जेवू घातलंत. माझ्या ताटात शेवभाजी दुसऱ्यांदा वाढलीत आणि "खाय, पोरी" म्हणालात. निघताना मात्र ओटीसाठी पदर पसरायची वेळ माझ्यावर आलीच नाही. त्यानंतर तुम्ही बोलावलं नाही आणि मी आले नाही. वाल्मीक वर्षातून एकदा एकटेच येऊन जातात. सारं गाव तुम्हाला माय म्हणतं, म्हणून मीही म्हणते आहे. त्यात दुसरं काही वाचू नका. तुम्ही पोथी वाचता हे मला माहीत आहे, तरी अक्षर मोठं काढते.

आज तुम्हाला बागेबद्दल लिहायचं आहे. बाग म्हणजे काय, फाटकापासून मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत कंपाउंडच्या भिंतीला लागून गेलेला एक लांब वाफा, कडेला तिरक्या रोवलेल्या विटा. साधनाताईंनी केलेला. तुम्ही तो शेवटचा पाहिला असेल तो त्यांच्या तेराव्याला, आणि तेव्हा बागेकडे कोण बघतं! साधा म्हणता म्हणता त्या तापानं त्यांना नेलं, आणि पुढच्या वर्षी मी या घरात आले. माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर, गेलेल्या पहिलीच्या नावानं घालतात तो, त्यांचा चांदीचा टाक घातला गेला. नवी साडी आणली की आधी ती त्यांच्यापुढे ठेवायची, मग मी नेसायची. सासूबाई गेल्या तरी मी ते मोडलं नाही. पहिल्यांदा भीतीपोटी करत होते. पुढे सवय झाली, आणि आता एखादा रंग त्यांना आवडला नसावा असं वाटलं तर मी ती साडी खरंच मागे ठेवते. वाल्मीक हसतात, पण दुकानात परत करायला तेच जातात.

मी आले तेव्हा वाफा उजाड होता. मी फुलं पिकवणाऱ्या घरातली. आमच्याकडे फूल म्हणजे बाजार. दसरा-दिवाळीला सगळा झेंडू एकदम फुलायचा, एकदम खुडायचा, गाडीत भरायचा आणि रान नांगरून टाकायचं. मला वाटलं, मेलेला वाफा आहे, पावसाळ्यात बघू. आणि मे महिन्यात एका सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर त्या तापलेल्या, भेगाळलेल्या मातीतून लाल गोळे वर आलेले. पान नाही, फांदी नाही, नुसता जाड दांडा आणि त्यावर हाताच्या पंजाएवढं लाल फूल. फुटबॉल लिली म्हणतात तिला, हे नंतर कळलं. तेव्हा मी पातेलं तसंच धरून उभी राहिले. लावलं कोणी? वाल्मीक बाहेर आले, बघत राहिले, आणि चहा न घेताच ऑफिसला गेले. मग पाऊस पडल्यावर त्यांच्या पायाशी गुलाबी लिलीचं हिरवं गवत उठलं. निशिगंध आला. भाद्रपदात सोनटक्का आला, आणि भर दुपारी जिन्यात असा वास भरून राहायचा की वर कोणीतरी न्हाऊन, पावडर लावून बसलंय असं वाटून मी खालूनच हाक मारत असे. थंडीत शेवंती, कोरांटी, भिंतीवर कागड्याचा वेल. मी काहीच लावलं नव्हतं. वर्षभर एकेका फुलातून साधनाताई घरात येत होत्या आणि मला सांगत होत्या, की मी इथे आहे.

कितीतरी वर्षं मी त्या मातीला हात लावला नाही, नुसतं पाणी. आमच्याकडे दुसऱ्याच्या शेतात न विचारता पाऊल ठेवत नसत, तसंच काहीसं. पण झाडं वाट बघत नाहीत. सोनटक्का माजला, त्याच्या सावलीत निशिगंध फुलेनासा झाला, शेवंतीची खोडं लाकडासारखी झाली. तेव्हा एका अविधवा नवमीला, त्यांच्या नावाची सवाष्ण जेवून गेल्यावर, मी टाक मुठीत धरून परवानगी मागितली आणि खुरपं घेतलं. उंच ते भिंतीकडे, बुटकं ते विटांकडे, एवढं तर आईच्या वाफ्यांवरून ठाऊक होतं. सोनटक्क्याचे कंद फोडून मागे नेले. शेवंतीची नवी फुटवी लावली, पुढच्या वर्षी अर्ध्यांचे शेंडे आषाढातच खुडले आणि अर्ध्यांचे उशिरा, म्हणजे पहिली सरताना दुसरी फुलेल. लिली फुलून गेल्यावर तिची नुसती पानं राहतात, तिथे मधेमधे निशिगंध खोवला. हळूहळू असं झालं की एकाची फुलं मावळायच्या आत दुसऱ्याच्या कळ्या दिसायच्या. हात माझे होते, पण कामाची दिशा त्यांची होती. खड्डा घ्यावा आणि तिथे आधीच त्यांचा कंद निघावा, असं इतक्यांदा झालं की मी "अगं बाई, इथे तुम्ही आहात होय" असं म्हणायला लागले. शेजारची पिंकी भिंतीवरून विचारायची, "काकू, कोणाशी बोलताय?" मी सांगायचे, घरातल्या माणसाशी.

एकच जागा मला कळत नव्हती. होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत, तुमच्या आखाजीपर्यंत, वाफ्यात काहीही नसायचं. कागडा संपायचा, शेवंती वाळायची आणि मेमधल्या लिलीपर्यंत नुसती माती. इतक्या विचारानं वर्ष भरणाऱ्या बाईनं ऐन चैत्र रिकामा का सोडावा? त्या दिवसांत तर मोगरा असतो. मोगरा नाही अशी बाग मी नाशिकमध्ये पाहिली नव्हती. मी गंगापूर रोडच्या नर्सरीतून चांगला बेल मोगरा आणून फाटकाजवळ लावला. तो वाळला. पुढच्या वर्षी दुसरा आणला, खत घातलं, तोही उन्हाळा यायच्या आत काडी होऊन गेला. बाकी सगळं जगत होतं, एवढंच जगत नव्हतं. पिंकी म्हणाली, "काकू, त्याला कीड नाही लागली, सवत लागलीय!" मी हसले खरी. पण त्या दिवशी टाकाची पूजा करताना ते बोलणं डोक्यातून जाईना. जे जे त्यांचं होतं ते मी जगवलं, आणि माझं एक झुडूप त्यांनी राहू दिलं नाही, असं मनात आलं. त्या पाडव्याला मी साडी त्यांच्यापुढे न ठेवताच नेसले, आणि दिवसभर ती अंगाला टोचत राहिली.

गेल्या वर्षी या सुमारास मी तिसरा मोगरा आणला. काळ्या पिशवीतलं रोप घेऊन खाली बसले तर वाल्मीक नळ बंद करून म्हणाले, "तिथं नको." मी विचारलं, "मग कुठं?" तर म्हणे, "कुठंच नको." आणि पायरीवर बसले. बागेला सकाळचं पाणी तेच घालतात; मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, मला लवकर निघावं लागतं. म्हणाले, आधीच्या दोन्ही मोगऱ्यांना मी पाणी घातलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मारलेत?" तर म्हणाले, "उपटवत नव्हतं, नि पाणीही घालवत नव्हतं. काय करू?" आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं तिचं नाव घेऊन सलग काही सांगितलं. म्हणाले, साधना होळी झाली की नामपूरला जायची, कांदा काढायला, नि आखाजी करूनच यायची. आमचं लग्न झाल्यावर मीच हौसेनं मोगरा आणला होता, तो तिनं शेजारी देऊन टाकला. म्हणाली, माझा मोगरा आमच्या विहिरीवर आहे, आईनं लावलेला, या दिवसांत मी तो माळते. आणि इथलं काय, मी नसताना फुलून करणार काय? तुम्हाला झेंडू नि शेवंतीतला फरक कळत नाही. फुलं वाळून जातील नि तुम्ही पेपर वाचत बसाल. म्हणून तिनं शोधून शोधून अशीच झाडं लावली, की ती जाताना गप्प होतील आणि ती परत आली की उठतील. ती पिशव्या घेऊन फाटकातून आत यायची तेव्हा लिली वर आलेली असायची. कधी आली नसेल, तर ती मातीला बोट लावून म्हणायची, "चला, आले मी."

माय, हे तुम्हाला ठाऊक असेलही. मला नव्हतं. मी ते रोप पिंकीला दिलं आणि विटा नीट करून उठले. त्या मला हाकलत नव्हत्या तर. त्या घरीच नव्हत्या. त्या गेल्या तरी त्यांची बाग दर वर्षी होळीला गाशा गुंडाळते आणि माहेरी जाते, आणि तिकडे तुमच्या शेतात कांद्याच्या ओळीत एक बाई कमी असते. हे कळल्यापासून तो मोकळा वाफा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गेल्या चैत्रात मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. जिन्यात वास नाही, मातीत कोणी नाही, बोलायला गेले तर माझाच आवाज मला ऐकू यायचा. मला वाटलं होतं, मी त्यांना घाबरते. खरं तर त्या नसल्या की मला करमत नाही. जिला मी कधी पाहिलं नाही, तिच्यावाचून. वाल्मीकना हे सांगता येत नाही. त्यांचं त्यांना पुरतं. आम्हा दोघींपैकी कोणालाच मूल झालं नाही, नाहीतर त्या दिवसांत सुट्टीचा गोंगाट तरी असता. माझे आईवडील गेले, भावानं सायखेड्याचं रान विकलं आणि तो पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. चैत्रात माझ्यासारखीनं जिथे जावं, त्या माहेरी आता दुसरीच माणसं राहतात.

हे पत्र मी गेल्या वर्षीच लिहायला घेतलं होतं आणि ठेवून दिलं होतं. आज पुन्हा घेतलं, कारण कागडा झडायला लागला आहे, आणि वाल्मीक सांगत होते की यंदा तुमचा कांदा भरपूर आहे, पण तुमच्याच्यानं आता फार वेळ खाली बसवत नाही. मला विळा चालवता येतो. पात कापताना कांद्याला मान किती ठेवायची तेही येतं. आमच्याकडेही थोडा कांदा असायचा. शाळेतून रजा मिळेल, मी विचारून ठेवलं आहे. मला ओटीची साडी नको, विहिरीवरचा मोगरा असलाच तरी मी त्याला हात लावणार नाही, आणि आखाजीच्या आधीच निघून येईन, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या सणाच्या दिवशी मी तुमच्यासमोर नसेन. तुम्ही नाही म्हणाल, हे धरूनच लिहिते आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही बहुतेक तेच म्हटलं असतं. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नका. वाल्मीकजवळ "नको" एवढं म्हणालात तरी पोहोचेल, आणि मी पुन्हा विचारणार नाही. पण एकदाच विचारते. होळीनंतर रोजाच्या बायांना निरोप धाडाल, तेव्हा त्यांच्याबरोबर मलाही धाडाल का?

तुमचीच म्हणायचं धाडस करणारी,
भाग्यश्री