पोटरीतला गहू

३ जानेवारी
गहू पोटरीत आला! ओंबी अजून पानाच्या पोटातच, दाबलं की फुगीर लागते. गायींच्या चाऱ्यासाठी कापायचा तर आत्ताच — लेक गेल्या वर्षी हेच सांगत होती. मी म्हणालो, ओंबी भरू दे, भारा वाढेल. वर सगळ्यांसमोर बोललो, "चार बुकं शिकून बापाला अक्कल शिकवू नकोस." ती घर सोडून गेली. अकरा महिने फोन नाही. चारा तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे म्हणे. आज मूठभर गहू कापून तिथेच पाठवला.

८ जानेवारी
अहवाल आला. प्रथिनं सतरा टक्के! खाली तिची सही. तीच, शेवटी शेपूट ओढलेली. पाचदा पाहिली. बाकी एक शब्द नाही.
कापणी यंत्रवाल्याचा फोन — "उद्या येऊ का?" म्हटलं, थांब जरा. खोटं कशाला लिहू? कापला की पाठवायला काय उरतं!

९ जानेवारी
दुसरं पाकीट पाठवलं.

१५ जानेवारी
ओंब्या बाहेर पडल्या. प्रथिनं तेरावर. सही आहे.
हिनं अहवाल बघितला आणि म्हणाली, "गायींना काय सही खायला घालणार आहात?" खरंच आहे तिचं. साठवलेला चारा संपत आलाय, तांबडी दोन लिटरनं उतरलीय आणि मी साठीचा बाप्या टपालवाल्यासाठी फाटकात उभा! तिसरं पाकीट तरी पाठवलंच.

२२ जानेवारी
दाणा चिकात. दाबला की पांढरं दूध. प्रथिनं दहा, काड्या निबर. आणि सहीशेजारी पेनानं दोन शब्द — "का थांबलात?"
मला विचारलं! मला! दिवसभर कागद खिशात. हिला दाखवला तर चहात साखर दोनदा पडली.

२३ जानेवारी
चौथं पाकीट. सोबतच्या चिठ्ठीवर शेऱ्याची जागा असते, नेहमी कोरी सोडतो. आज लिहिलं — "गहू कापला तर तुझी सही येणार नाही. माझं चुकलं होतं." तीनदा खोडलं. मग तसंच डकवून टाकलं. लाज वाटली फार.

२८ जानेवारी
टपाल नाही.

२९ जानेवारी
टपालवाला न थांबताच पुढे गेला. फार आठवण येते पोरीची. पण आता बास — जनावरांचे हाल बघवत नाहीत. उद्या सकाळी यंत्रवाल्याला बोलावलंय.

३० जानेवारी
चौथा अहवाल टपालानं आला नाही. स्वतःच घेऊन आलीय. बांधावर उभी राहून यंत्राच्या आवाजावर ओरडतेय — "प्रथिनं आठ! बाबा, हा चारा आहे की खराटा?"
बोल बाई, बोल!