आयसीयूत ताईचा आवाज

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच, कमरेतून वाकायला व्यायामवाल्या बाईंची अजून परवानगी नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात?

न्यूमोनियाने मला आयसीयूत नेलं, नऊ दिवस श्वासाच्या नळीवर ठेवलं, हे लेकीने तुला कळवलंच आहे. तिथे एक संशोधन चालू होतं. गुंगीतून जागा होताना पेशंट भ्रमात जातो, नळ्या उपटतो. घरच्या माणसाचा आवाज कानात वाजवला तर तो शांत राहतो का, हे बघायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं, "बाबा कोणाचं ऐकतात?" ती म्हणाली, "कोणाचंच नाही. लहानपणी आत्याचं ऐकायचे म्हणे." झालं! तुझ्याकडून आवाज मागवला. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात मी भाषण ठोकलं ("ताईने छडीचा हात माझ्यावरच बसवून घेतला, मग शाळेत शिकवायला गेली"), सगळे हसले, तू उठून गेलीस, बोलणं बंद झालं, त्याला अकरा वर्षं झाली. हे त्या बाईंना काय ठाऊक!

पण ताई, कानाला हेडफोन लागले आणि तू जी सुरू झालीस! "ऊठ, घंटा झाली. दुसरा मोजा कुठाय?" आई पहाटेच कारखान्यात जायची, तेव्हा भांग पाडताना ओरडायचीस ना, अगदी तश्शी. मी मोजा शोधायला पाय झाडले. बोलता येईना, म्हणून पाटीवर लिहिलं, 'मोजा सापडत नाही'. (नर्सबाईंनी तातडीने मेंदूचे डॉक्टर बोलावले.) नळीकडे हात गेला की तू गरजायचीस, "हात खाली!" आणि साठी उलटलेला हात मुकाट खाली यायचा. नर्सबाई म्हणाल्या, इतका शहाणा पेशंट पाहिला नाही. शहाणा! मी! तू तिथे हवी होतीस.

वयाने म्हातारा, अकलेने अजून धाकटाच,
तुझा भाऊ

ता. क. काल तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुमच्या त्या आवाजाच्या प्रयोगाने जादू केली. त्यांनी कागद चाळले नि ओशाळल्या. "आजोबा, कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. तुम्ही दुसऱ्या गटात. तुमच्या कानात काहीच वाजवलं नाही. नुसते हेडफोन."

ता. क. २ तू पाठवलेला आवाज लेकीच्या फोनमध्ये आहे. ऐकवू का, विचारते. मी नको म्हटलं. ताई, ते भाषण वाईट होतं. तू ये आणि समोर बसून ओरड.