बाबासाठी खणलेला खड्डा

मुक्काम अमरावती, फेब्रुवारी १९६१

माझ्या मानसूले दादाचा आशीर्वाद. मास्तर पत्र वाचतील तेव्हा मायले जवळ बसव.

आम्ही गावची पाचही माणसं सुखरूप आहोत. धर्मशाळेत पोटभर भाकर मिळते. माझा पाय थोडा सुजला आहे, पण मास्तर, हे मायले वाचून दाखवू नका.

काल जंगलखात्याच्या मोठ्या साहेबांनी अर्ज घेतला. मी सांगितलं, आमी कोरकू. मेलेल्या माणसाच्या नावानं सागाचा कोरीव मुंडा पुरतो, तेव्हाच तो पूर्वजांत जाऊन बसतो. माझ्या भावानं बाबासाठी चंद्र-सूर्य कोरले, अन् जंगलाचा नाकेदार तो खांबच उचलून घेऊन गेला. मेल्या माणसामागं एक साग तोडायचा हक्क आमाले लिहून द्या.

साहेब म्हणाले, "ही चाल जुनी आहे, याला पुरावा काय?"

आपला झापू लगेच म्हणे, "आजाचा मुंडा उपटून बैलगाडीत घालून आणतो!"

मी म्हटलं, "गप रे! आजाले कचेरीत उभा करतं काय?"

साहेबही हसले. मग मी गावात उभ्या असलेल्या अकराही मुंड्यांच्या पूर्वजांची नावं तोंडपाठ सांगितली. होळी झाली की साहेब स्वतः पाहायले येतात.

तोवर नाकेदाराशी भांडू नको. तुझा राग मले माहीत आहे. मोहफुलं पडू लागली काय?

मुंडे धुऊ नको, रंगवू नको. अन् बाबाच्या मुंड्यासाठी खणलेला खड्डा कोणाले बुजवू देऊ नको. अकरा मुंडे पाहून झाले की साहेबांले तो रिकामा दिसला पाहिजे.

तुमच्या सगळ्यांची आठवण काढत,
तुझा दादा सानू