थोरल्याच्या तोंडातला गळ

१४ फेब्रुवारी १९७८
काल सोमवारी थोरला आला नाही. हा तिसरा सोमवार. आमच्या शालनने डोहाच्या पायरीवर बसून कणकेचे पाच गोळे एकेक करून सोडले. बारके मासे तुटून पडले. थोरला खडकाखालून बाहेर नाही.
आमच्या आजीपासून हेच चालत आलं आहे. थोरल्या माशाने मुलीच्या हातचा गोळा घेतला की लग्नाची तारीख धरायची. माझ्या दोन्ही बहिणींच्या वेळी पहिल्याच सोमवारी घेतला होता. कराडची मंडळी वैशाख मागतात. सौ. म्हणते, कौल आल्याशिवाय तोंडातून तारीख काढायची नाही.
गुरव तात्या म्हणाले, "रुसलाय त्यो. कुनाचं तरी चुकलंय." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी देवळाच्या घंटेकडे बघत होतो.

१५ फेब्रु.
वहीत तरी लिहावं. थोरल्याच्या तोंडात माझा गळ आहे.
गेल्या महिन्यातली गोष्ट. नदीत उंबऱ्याच्या दगडाखाली उभा होतो. दगडाच्या वर देवाचं पाणी, तिथे मासा धरायचा नाही; खाली सगळ्यांचं. पलटणीतल्या साहेबांनी निवृत्त होताना दिलेली रिळाची काठी हातात, पुढे माशाला भुलवायचा पितळी चमचा. ओढ बसली तेव्हाच समजलं की हे काही रोजचं नाही. आठ-नऊ किलो तर नक्कीच. एकदा उलटला, पाठीवरचा पांढरा डाग दिसला. रीळ ओरडत होतं. मग एकदम हात हलका.
चमचा आणि तीन तोंडांचा गळ घेऊन गेला. तेव्हापासून खात नसणार. कसा खाईल?
आणि मी रोज संध्याकाळी देवळात दिवा लावतो.

१६ फेब्रु.
काल लिहिलं, 'दगडाखाली उभा होतो.' उभा खालीच होतो. चमचा वर पडला होता. दहा हात तरी वर. मला दिसलं होतं.

१९ फेब्रु.
एकच मार्ग. पुन्हा धरायचा, गळ काढायचा, सोडायचा. कुणाला कळायच्या आत. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, मात्र असा हवा की तुटणार नाही. पुन्हा तुटला तर तोंडात दोन गळ.

२२ फेब्रु.
सांगलीला जाऊन आलो. जाळ्यांच्या दुकानात म्हटलं, वीस पौंडांचा द्या. दुकानदार हसला. "पौंड इंग्रजासंगं गेलं, पाव्हनं. नंबर सांगा. तीस, चाळीस, पन्नास." तो जाडीने विकतो. साहेब ताकदीने बोलायचे. किती ओझं पेलेल विचारलं, तर म्हणाला, "म्हस बांधायची हाय का?"
चाळीस नंबर आणला. घाटाखाली पाण्यात धरून बघितला. या दिवसांत पाणी आरशासारखं. तंगूस पांढऱ्या सुतळीसारखा लखलखतो. एकदा पोळलेला मासा याच्या जवळ येणार नाही. पन्नास तर नकोच, आणि तीस तुटेल. माझं गाडं इथेच अडलंय. दिसणार नाही इतका बारीक, तुटणार नाही इतका जाड. दोन्ही एका दोरीत कसं मिळावं?

२७ फेब्रु.
सोमवार. आला नाही. शालन आता पायरीवर कुणाकडे बघत नाही. बायका बोलतात. ऐकू येईल अशा बोलतात.
भाचा वसंत बोटीवर नोकरीला आहे. डिसेंबरमध्येच त्याला तंगूस आणायला सांगितला होता. त्याचं पार्सल आज आलं. दोन रिळं. पत्रात लिहिलंय: 'मामा, जपानी बंदरात घेतला. नायलॉन नव्हे, याला फ्लोरोकार्बन म्हणतात. पाण्यात दिसत नाही असं दुकानदार खुणेने सांगत होता. ३ नं. व ५ नं. पाठवत आहे.'
बाकी सगळी अक्षरं जपानी. तीन नंबर म्हणजे तीन पौंडच ना, त्यात पोपट बांधता येणार नाही. पाच पौंडांत काय करू? पोर चांगलं, पण अक्कल नाही. तसं कार्ड टाकलं.

१ मार्च
काचेच्या भांड्यात पाणी घेऊन ५ नं.चं टोक सोडलं. बुडालं आणि गेलं. बोटाला लागतं, डोळ्याला नाही. पुन्हा पुन्हा बघितलं. असली वस्तू पाच पौंडांची का केली असेल देवाने?

२ मार्च
अक्कल नाही ती मलाच. सकाळी कडुलिंबाच्या फांदीला ३ नं. बांधला, खाली रिकामी बादली, तांब्याने पाणी ओतायला लागलो. तीन पौंड केव्हाच झाले. अर्धी बादली झाली तरी धरून. सौ. ओसरीवरून म्हणाली, "आवं, बादलीला फाशी देताय व्हय?"
नंतर तुटला. मग ५ नं. बांधला. बादली काठोकाठ भरली, त्यात वरवंटा ठेवला, तरी तुटेना. म्हणजे हा नंबर पौंडही नव्हे, सांगलीची जाडीही नव्हे. जपान्यांचा स्वतःचाच काही हिशोब. तीन ठिकाणी तीन नंबर, आणि शब्द एकच. वसंताला दुसरं कार्ड टाकायला हवं.

३ मार्च
रिळावर दोन्ही भरून बघितले. ३ नं. गुळगुळीत सुटतो, चमचा लांब जातो. ५ नं. ताठ आहे. रिळावरून वेटोळी उड्या मारून बाहेर येतात, निम्म्या अंतरावर चमचा आपटतो. दगडाखालून खडकापर्यंत पोचायचं तर ३ नं.च हवा. आणि त्या वजनाच्या माशाला ३ नं. म्हणजे सगळा भार रिळाच्या ब्रेकवर आणि माझ्या मनगटावर. मनगटावर भरवसा नाही. पुढच्या टोकाला दोन वाव लांब ५ नं. जोडावा म्हटलं, तर आणखी एक गाठ वाढते.
जप करताना मणी हातात आणि डोक्यात नंबर. उठलो तसाच.

४ मार्च
गाठ.
बादली पडली तेव्हा ३ नं. मधे तुटला नव्हता, गाठीशी सुटला होता. टोक शेवईसारखं वळलेलं. साहेबांच्या रिळावरून काढून ठेवलेला जुना तंगूस उलगडून त्याचं टोक काढलं. तेही तसंच वळलेलं.
तुटला नव्हता. माझी गाठ सुटली होती.
साहेब नेहमी सांगायचे, आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली कर, कोरडी आवळली की जळते. हजार वेळा केलं असेल. त्या दिवशी केलं नाही. तिथून थेट देवळात दिव्याला जायचं होतं, हात उष्टे नकोत म्हणून. पायाशी नदी वाहत होती. त्यात बुडवायचं सुचलं नाही.
इतके दिवस दोरीला दोष दिला.

७ मार्च
काल सोमवार. आला नाही. कराडहून निरोप, 'तुमच्याकडून काही कळलं नाही.'
बापू भोयाला सांगितलं. चाळीस वर्षं नदीत घालवलेला माणूस. मला आजवर चिडवायचा, "हवालदार, चमच्यानं आमटी प्यावी, मासं कशाला धरताय?" आज हसला नाही. बोटाने ३ नं. ताणून बघितला, मग ५.
"दोरी झ्याक हाय. पर तुमी चोरून धरनार. खालनं, लांबनं. त्यो खडकात शिरला तर कुनाची दोरी टिकंल?"
"मग?"
"पायरीवरनं धरा. धा हातांवर हाय त्यो."
पायरी म्हणजे देवाचं पाणी. म्हणजे तात्या. म्हणजे सगळं गाव.

९ मार्च
दिवा लावायच्या आधी तात्यांना सांगितलं. चमचा दगडाच्या वर पडला तेही. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यात बसले होते.
"कवा?"
"जानेवारीत."
"आन् तवापास्नं रोज दिवा लावत हुतास?"
"होय."
मग माझ्या हातातली वात काढून घेतली. "उद्यापास्नं मी लावीन."
मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "सोमवारी धर. समद्यांम्होरं. आन् कनकंत गळ घालायचा न्हाई. त्यो देवाच्या नावाचा घास हाय. तुझ्या चमच्यानंच धर."

१० मार्च
घरी सांगितलं. सौ. रडली नाही, ओरडली नाही, शेणी थापत राहिली. शालनने फक्त विचारलं, "पहिल्या सोमवारी तुमाला ठावं हुतं?" हो म्हणालो. घागर उचलून गेली.

१२ मार्च
५ नं. ठरला. दहा हातांसाठी वेटोळी उडाली तरी चालतील. गळाची तीन तोंडं होती, दोन कापून टाकली. उरलेल्याचा काटा कानशीने घासला, लगेच निघावा म्हणून. गाठ पाच वेळा बांधली, पाच वेळा सोडली. सहावी ठेवली. तोंडात धरून ओली केली.

१३ मार्च
पायऱ्या भरल्या होत्या. बापू छातीइतक्या पाण्यात उभा. पहिले दोन फेर रिकामे. तिसऱ्याला खडकाखालून सावली निघाली आणि ओढ बसली.
ब्रेक अर्धा सैल ठेवला होता. जाऊ दिला, आणला, जाऊ दिला. ५ नं.ने हू की चू केलं नाही. बापूने दोन्ही हातांनी पोटाखालून उचलला आणि तोंड उघडलं.
"गळ न्हाई."
"नीट बघ."
"बघतोय की. डाव्या जबड्याला भोक हाय, भरलेलं. चमचा न्हाई, गळ न्हाई." मग हळूच, मला एकट्याला, "हवालदार, ह्यो त्यो न्हवं वाटतं. थोरला येवढा बारका न्हवता."
तात्या वरून म्हणाले, "डाग दिसंना का तुला? उपाशी हाय, म्हनून वाळलाय. त्योच हाय."
डाग होता. पण पाण्याबाहेर, उन्हात, मला तो जानेवारीतला डाग वाटेना. वाटावा असं मात्र फार वाटत होतं.
माझा घासलेला गळ बोट लावताच निघाला. बापूने पाण्यात धरून ठेवला, शेपूट हलली, गेला. तात्यांनी शालनला गोळा सोडायला सांगितलं. तिने हात पदराखाली घेतला. म्हणाली, आज नको.

१५ मार्च
गावात दोन तट. निम्मे म्हणतात तोच, निम्मे म्हणतात थोरला तळाशी मरून पडला. दोन्हीकडचे मला विचारतात. मला ठाऊक नाही, एवढंच खरं सांगता येतं.
सकाळी शालन चुलीपाशी. म्हटलं, सोमवारी कणीक मळशील ना. तव्यावरची भाकरी उलटली तिने.
"न्हाई. जबड्याला भोक पडल्यालं जनावर. मानसाला भिऊन खडकात बसतंय. त्याला माझं लगीन काय इचारायचं? कराडला तुमीच लिवा, आबा. झालं तसं लिवा. मग त्यांनी ठरवू दे."
सौ. म्हणाली, लिहू नका, अजून एक सोमवार बघा.
दोघी माझ्याकडे बघत होत्या. कार्ड घेऊन ओसरीवर आलो. पत्ता लिहून झाला. खाली 'सा. न. वि. वि.' इतकंच. आतून कणीक मळल्याचा आवाज येतोय का म्हणून ऐकतो आहे, आणि लेखणीची शाई वाळते आहे.